यंत्राने जबाब दिला पाहिजे

आपल्या घरातील दळणवळणाचे एखादे यंत्र बंद पडले असता त्याच्याकडून आज आपल्याला काय उत्तर मिळते, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. भिंतीवरच्या फायबरच्या पेटीवर एक तांबडा दिवा लुकलुकू लागतो. मोबाईलच्या पडद्यावर 'काहीतरी चुकले आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' असे वाक्य उमटते. आणि मदतीच्या क्रमांकावर फोन केला तर पलीकडचा माणूस, ज्याच्यापुढेही याहून अधिक माहिती नसते, पेटी एकदा बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगतो. काय बिघडले, कोठे बिघडले, बिघाड घरातला की खांबावरचा की एक्सचेंजमधला, यांतले एक अक्षरही ग्राहकाच्या पदरी पडत नाही. ज्या यंत्राचे मोल आपण मोजले, ज्याचे भाडे महिन्याच्या महिन्याला भरतो, ते यंत्र आपल्याशी बोलत नाही, ही गोष्ट आपण इतक्या मुकाट्याने पत्करली आहे की, याच कामाचे एक यंत्र एके काळी मालकाने टंकलेला हुकूम ऐकत असे आणि दोन शब्दांत का होईना, पण नेमका जबाब देत असे, हे नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटणार नाही. ते यंत्र म्हणजे डायल-अप मॉडेम. त्याच्या हुकुमांची भाषा आणि त्या भाषेमागचा शिरस्ता आपण दैनंदिन व्यवहारातून हद्दपार केला, यात सामान्य ग्राहकाचे मोठे नुकसान झाले आहे, आणि ते भरून काढणे अद्यापि शक्य आहे, असे माझे मत आहे.

हे मत जबलपुरातून मांडण्यास कारण आहे. हे शहर तारेचे आणि दूरध्वनीचे शहर आहे. लष्कराच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे कित्येक पिढ्यांपासून नांदत आहे; रिज रोडवर १९४२ साली उघडलेले तार व दूरध्वनी खात्याचे प्रशिक्षण केंद्र आज भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था या नावाने चालते, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले अभियंते तेथे शिकून गेले आहेत; राईट टाउनच्या टेलिकॉम फॅक्टरीतून खांब आणि तारांचे लोखंडी सामान बाहेर पडत आले; आणि १९४७ साली स्थापन झालेले येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशन हा विषय देशात अगदी आरंभी शिकवू लागलेल्या महाविद्यालयांपैकी एक होय. १९५६ पर्यंत नागपूर ही ज्याची राजधानी होती त्याच प्रांतात जबलपूर मोडत असल्याने कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे आणि तारखाते यांतल्या नोकऱ्यांच्या निमित्ताने येथे आलेल्या मराठी कुटुंबांतही 'लाइन', 'एक्सचेंज', 'फॉल्ट' हे शब्द घरातल्या बोलण्यात सहज येत. अशा शहराने या विषयाची आठवण ठेवू नये, तर कोणी ठेवावी?

मॉडेमचे काम समजण्यास कठीण नाही. दूरध्वनीची तांब्याची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली, आणि तिच्यावरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यातलाच ध्वनी धडपणे जातो. संगणकाची भाषा शून्य आणि एक यांची. ती जशीच्या तशी या तारेवरून जाऊ शकत नाही. मॉडेम त्या शून्य-एकांना सुरांचे रूप देई, आणि पलीकडचा मॉडेम त्या सुरांतून पुन्हा शून्य-एक उकलून घेई. परंतु सूर पाठवण्यापूर्वी कोणीतरी फोन उचलला पाहिजे, नंबर फिरवला पाहिजे, पलीकडून प्रतिसाद आला की नाही हे ओळखले पाहिजे, आणि काम संपल्यावर फोन ठेवला पाहिजे. आरंभीच्या काळी हे सर्व माणूसच करी. नंबर हाताने फिरवून रिसीव्हर रबराच्या दोन वाट्यांत बसवून ठेवी. ज्या संस्थांना हे काम यंत्राकडून करवून घ्यायचे असे, त्यांना नंबर फिरवणारे स्वतंत्र उपकरण आणि त्याच्यासाठी स्वतंत्र जोडणी घ्यावी लागे. आणि घरगुती संगणकाला तर एकच सीरियल तार असे.

हा पेच अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या दोघांनी १९८१ साली सोडवला. ज्या तारेवरून मजकूर जातो त्याच तारेवरून मॉडेमला हुकूमही द्यायचे, आणि ते हुकूम म्हणजे साधी, कीबोर्डवर टंकता येतील अशी अक्षरे ठेवायची, हा त्यांचा निर्णय होता. प्रत्येक हुकुमाच्या आरंभी 'ए' आणि 'टी' ही दोन अक्षरे, म्हणजे यंत्राला 'सावधान' अशी हाक. त्यापुढे जे करायचे ते. ही दोन अक्षरे निवडण्यातले चातुर्य वरवर दिसत नाही. संगणक कोणत्या गतीने बोलत आहे हे मॉडेमला आधी ठाऊक नसते. पण 'ए' या अक्षराच्या ठोक्यांची रचना अशी आहे की, आरंभीच्या पहिल्याच ठोक्याची लांबी मोजून मॉडेमला गती कळते, आणि पुढच्या 'टी' वरून मजकुराच्या पडताळणीची रीत कळते. म्हणजे हाक मारणाऱ्याच्या हाकेवरूनच त्याची बोलण्याची ढब ओळखून यंत्र आपले कान तिच्याशी जुळवून घेई. सामान्य माणसाला यातले काहीच करावे लागत नसे. तो 'एटी' टंकून एंटर दाबी, आणि पडद्यावर 'ओके' ही अक्षरे उमटत.

या 'ओके'चे महत्त्व मला फार वाटते. यंत्र जागे आहे, संगणकाशी जोडणारी तार शाबूत आहे, गती जुळली आहे आणि आपले म्हणणे पोचले आहे, एवढा सर्व खुलासा त्या दोन अक्षरांत होता. त्यापुढची भाषाही अशीच तुटपुंजी पण स्वच्छ होती. 'एटीझेड' म्हटले की मॉडेम पूर्वस्थितीवर येई. 'एटीडीटी' आणि पुढे नंबर टंकला की सुरांनी, 'एटीडीपी' म्हटले की ठोक्यांनी नंबर फिरवला जाई. 'एटीए' म्हणजे आलेला फोन उचल, 'एटीएच' म्हणजे फोन ठेव, 'एटीएम०' म्हणजे आवाज बंद कर. नंबरामध्ये एखादा स्वल्पविराम घातला तर मॉडेम तेथे दोन सेकंद थांबे, आणि म्हणूनच ज्या कचेऱ्यांत बाहेरची लाइन घेण्यासाठी आधी शून्य फिरवावे लागे तेथे शून्यानंतर स्वल्पविराम ठेवला की काम होई. जबाबांची यादी तर याहूनही लहान: फोन आला तर 'रिंग', जोडणी झाली तर 'कनेक्ट' आणि पुढे गती, पलीकडची लाइन गुंतलेली असेल तर 'बिझी', पलीकडे कोणी उचलत नसेल तर 'नो आन्सर', आपल्याच तारेत जीव नसेल तर 'नो डायलटोन', जुळलेला सूर तुटला तर 'नो कॅरिअर', आणि आपला हुकूमच चुकला असेल तर 'एरर'. दोष कोणाचा, ग्राहकाचा, तारेचा की पलीकडच्याचा, हे या इवल्याशा यादीवरून ठरवता येई.

ठोक्यांनी नंबर फिरवण्याचा हुकूम आपल्या देशात केवळ शोभेचा नव्हता. जुन्या स्ट्रोजर पद्धतीच्या एक्सचेंजला सुरांची भाषा कळतच नसे. तिला लाइन क्षणभर तोडून जोडण्याचे ठोके लागत, एकासाठी एक, नवासाठी नऊ, शून्यासाठी दहा, आणि ते साधारणतः सेकंदाला दहा या वेगाने. बाहेरून जोडायच्या मॉडेमच्या दर्शनी पट्टीवर तांबड्या दिव्यांची एक रांग असे. हुकूम दिला की 'ओएच' हा दिवा लागे, म्हणजे फोन उचलला गेला. मग आतल्या रिलेची टिकटिक सुरू होई, शून्य आला की ती पुरा एक सेकंद चाले, आणि कान देऊन ऐकणाऱ्याला कोणता आकडा चालला आहे हे मोजता येई. मग पलीकडची घंटी, मग एक उंच स्थिर सूर, मग दोन यंत्रांमधली ती कर्कश घासाघीस, आणि शेवटी 'सीडी' हा दिवा स्थिर होऊन पडद्यावर 'कनेक्ट' हा शब्द येई. जोडणी होत असताना ती कोणत्या पायरीवर आहे हे अशा रीतीने डोळ्यांना आणि कानांना दोहोंनाही कळत होते, आणि अडली तर कोणत्या पायरीवर अडली हेही.

परदेशी यंत्र आपल्या देशात आले की त्याची आणखी एक अडचण होई, आणि ती या भाषेचे मर्म उत्तम प्रकारे दाखवते. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांच्या मिश्रणाचा, तर आपल्या एक्सचेंजांचा ४०० हर्ट्झच्या आसपासचा, घुमणारा. अमेरिकेच्या बाजारासाठी तयार झालेला एखादा मॉडेम आपल्या तारेवरचा टोन ऐकूनही तो टोन आहे असे मानीत नसे, आणि रिसीव्हर कानाला लावला तर टोन ठणठणीत ऐकू येत असताना पडद्यावर 'नो डायलटोन' असे नाकारार्थी उत्तर देई. यावर उपाय काय? 'एटीएक्स३' एवढा एक हुकूम. टोनची वाट न पाहता नंबर फिरव, मात्र पलीकडची लाइन गुंतलेली असली तर ती ओळख, असा त्याचा अर्थ. नवे यंत्र नको, कारागीर नको, कंपनीच्या मंजुरीची दरकार नको. चार-पाच अक्षरांनी ग्राहकाने परदेशी यंत्राला आपल्या गावच्या एक्सचेंजची रीत शिकवली. आज एखाद्या उपकरणाचा आणि आपल्या परिसराचा असा बेबनाव झाला, तर ग्राहकाच्या हाती कोणती अक्षरे आहेत?

पावसाळ्यात ही भाषा विशेष उपयोगी पडे. नर्मदेच्या या खोऱ्यात आषाढ-श्रावणात केबलच्या सांध्यांतून पाणी झिरपले की लाइनवर खरखर सुरू होई, आणि माणसामाणसांचे बोलणे त्या खरखरीतून निभावले तरी मॉडेमचा सूर मात्र तुटे. मॉडेमच्या पोटात 'एस' या अक्षराने ओळखली जाणारी काही रजिस्टरे असत, आणि प्रत्येकात एक आकडा. सूर नाहीसा झाल्यावर किती वेळ धीर धरून मग फोन ठेवायचा, हे दहाव्या रजिस्टरात, सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत मोजून लिहिलेले असे. मूळचा आकडा १४, म्हणजे दीड सेकंदाहूनही कमी. तो वाढवला की क्षणभराच्या व्यत्ययाने जोडणी तुटत नसे. पलीकडच्या सुराची किती सेकंद वाट पाहायची, हे सातव्या रजिस्टरात. दूरच्या एसटीडी जोडणीला वेळ लागतो म्हणून ती मुदतही वाढवता येई. हे आकडे लपवलेले नव्हते. मॉडेमबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत त्यांचे कोष्टक छापलेले असे, आणि ज्याला इच्छा असे त्याला ते वाचता येत आणि बदलता येत.

या मुदतींना त्या काळी पैशाच्या भाषेतही अर्थ होता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेटची सार्वजनिक सेवा सुरू केली ती मोठ्या महानगरांत. ज्या गावात केंद्र नाही त्या गावच्या माणसाला एसटीडी करूनच तेथवर पोचावे लागे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर चतुर्थांश होई, म्हणून अनेकांचा दिवस इंटरनेटपुरता अकराला उजाडे, आणि सगळेच एका वेळी नंबर फिरवू लागल्याने 'बिझी' हा जबाब वारंवार ऐकावा लागे. तेव्हा 'ए' आणि तिरकी रेघ एवढीच दोन चिन्हे टंकली की एंटरही न दाबता मागचा हुकूम पुन्हा अमलात येई. विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वस्त खात्यात तर चित्रे नव्हतीच, केवळ अक्षरे. म्हणजे हुकूमही अक्षरांचा आणि पलीकडून येणारे जगही अक्षरांचे. याच्याही आधी, १९८६ साली आकारास आलेल्या एर्नेट प्रकल्पात, मुंबईतील जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची देवघेव सुरू झाली तीही साध्या डायल-अप जोडणीवरूनच. ज्यांनी ती उभी केली त्यांना आपले यंत्र नेमके काय म्हणत आहे हे कळत होते, म्हणूनच ती त्या काळच्या तारांवरून उभी राहू शकली.

हेज आणि हेदरिंग्टन यांच्या रचनेतला सर्वांत सूक्ष्म भाग मात्र हुकुमांत नव्हता. तो एका मौनात होता. एकाच तारेवरून मजकूर आणि हुकूम दोन्ही जाणार, तर मॉडेमने त्यांत भेद कसा करायचा? जोडणी झाल्यावर जे येईल ते सर्व मजकूर समजून पुढे पाठवणे हे त्याचे काम. मग चालू जोडणीत त्याला परत बोलावून 'फोन ठेव' असे कसे सांगायचे? त्यांनी ठरवलेली खूण अशी: आधी एक सेकंद काहीही पाठवायचे नाही, मग अधिकाची तीन चिन्हे '+++' सलग टंकायची, आणि पुन्हा एक सेकंद काहीही पाठवायचे नाही. एखाद्या दस्तऐवजात ही तीन चिन्हे योगायोगाने आली तरी त्यांच्या दोहो बाजूंस असे मौन सहसा येणार नाही. मौन पाळून उच्चारलेली चिन्हेच हुकुमाची, बाकीची मजकुराची. या युक्तीचे पेटंट हेदरिंग्टनच्या नावाने १९८५ साली नोंदले गेले, आणि ज्या प्रतिस्पर्धी कंपन्यांना त्याचे शुल्क भरायचे नव्हते त्यांनी मौनाची अट गाळून तीन चिन्हे आणि त्यामागचा हुकूम एवढ्यावरच भागवले. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्या मजकुरात '+++' आणि लगेच 'एटीएच' अशी अक्षरे येत तो मजकूर पाठवताना अशा मॉडेमने मध्येच फोन ठेवावा, असे प्रकार घडू लागले. आणि पुढे इंटरनेटवरून ही अक्षरे मुद्दाम धाडून दुसऱ्याची जोडणी तोडण्याचा खोडसाळपणाही सुरू झाला. एका सेकंदाच्या शिस्तीचे शुल्क वाचवण्यासाठी लोकांच्या सुरक्षिततेला भोक पाडले गेले. अभियंत्याच्या शिक्षणात या एका उदाहरणाला जेवढे मोल आहे, तेवढे पाठ्यपुस्तकातल्या कित्येक प्रकरणांनाही नसेल.

एवढे सर्व सांगण्याचे प्रयोजन जुन्या यंत्राचे कौतुक करणे हे नाही. तो मॉडेम मंद होता. ३०० बॉडपासून निघून ५६ किलोबिटपर्यंत पोचला, आणि तेही पलीकडची बाजू पूर्णपणे डिजिटल असली तरच. घरातला फोन त्याच्यापायी अडकून पडे, वीज कडाडली की तो जळे, आणि बिल भरताना घरातल्या कर्त्या माणसाचा जीव टांगणीला लागे. ती गैरसोय परत यावी असे कोणीही म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण गैरसोय गेली तिच्याबरोबर ग्राहकाचा एक हक्क गेला, आणि तो जाताना कोणी हाकाटी केली नाही. 'नो डायलटोन' असा जबाब हाती असलेला ग्राहक १९८ वर तक्रार नोंदवताना ठामपणे सांगू शके की, बिघाड माझ्या संगणकात नाही, तुमच्या तारेत आहे. 'नो कॅरिअर' असा जबाब ज्याला पावसात वारंवार मिळे तो लाइनमनला सांध्याकडे बोट दाखवू शके. आणि 'एरर' पाहणारा समजे की चूक आपलीच आहे आणि उगीच खात्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिन्ही परींनी सत्य लवकर बाहेर येई. वस्तुस्थितीचा पुरावा ज्याच्या हाती तोच कचेरीच्या खिडकीपुढे ताठ उभा राहतो, ही गोष्ट आपल्याकडे ज्याने एकदा तरी तक्रारअर्ज दिला आहे त्याला निराळी सांगावी लागत नाही.

हा हक्क टप्प्याटप्प्याने गेला. आधी विंडोजच्या नीटनेटक्या चौकटीमागे हुकूम झाकले गेले, तरीही 'जादा सेटिंग' म्हणून एक रिकामी ओळ शिल्लक होती आणि तेथे 'एक्स३' टंकता येत होते. मग स्वस्त मॉडेम आले, ज्यांचे बहुतेक काम संगणकाच्या आज्ञावलीवर ढकललेले असे. २००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा आली. तिच्या पेटीत डोकावले तर तारेवरचा गोंगाट आणि सिग्नलची झीज यांचे आकडे निदान दिसत तरी होते. आता फायबरच्या पेट्या येतात, त्यांतल्या कित्येकांची आतली पाने कुलूपबंद असतात, आणि किल्ली ग्राहकाकडे नसते.

आणि यातली अत्यंत लक्षणीय गोष्ट ही की, ती भाषा मेलेली नाही. हेज यांची कंपनी १९९९ साली मोडीत निघाली, पण तिचे हुकूम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने व्ही-२५० या नावाने मानक म्हणून स्वीकारले, आणि मोबाईलच्या मानकांत तर त्यांचा विस्तार झाला. मोबाईलच्या जाळ्यावर चालणाऱ्या यंत्रांतली मॉडेमची चकती आजही 'एटी' अशी हाक ऐकते आणि 'ओके' म्हणते. तिला 'एटी+सीएसक्यू' असे विचारले तर ती सिग्नलचे बळ ० ते ३१ या आकड्यांत सांगते, आणि मोजता आले नाही तर ९९ म्हणून ते कबूल करते, 'एटी+सीआरईजी?' असे विचारले तर जाळ्यात नोंद झाली आहे, शोध चालू आहे की नोंद नाकारली गेली आहे हे सांगते. आणि 'एटी+सीईईआर' या हुकुमाने मागची जोडणी का फसली याचे कारणही ती देऊ शकते. शेतातला पंप मोबाईलवरून सुरू करणाऱ्या स्टार्टरात, गाडीचा ठावठिकाणा कळवणाऱ्या डबीत, दुकानातल्या कार्ड-यंत्रात, मोबाईलच्या जाळ्यावरून वाचन पाठवणाऱ्या विजेच्या मीटरात हीच किंवा हिच्याच कुळातली भाषा चालते. यंत्राच्या एका भागाने प्रश्न केला आणि दुसऱ्याने प्रामाणिक उत्तर दिले. फक्त ते उत्तर मालकाच्या कानावर पडणार नाही अशी तजवीज आपण केली आहे. मग शेतकऱ्याचा पंप रात्री सुरू झाला नाही, तर सिम बंद पडले की सिग्नल गेला की स्टार्टर बिघडला, हे कळण्यासाठी त्याला बांधापर्यंत चालत जावे लागते, आणि तेथे जाऊनही कळतेच असे नाही.

यावर असे म्हटले जाईल की, सामान्य माणसाला हे आकडे कळत नाहीत आणि कळण्याची गरजही नाही. आणि दुसरे असे की, हुकूम सर्वांच्या हाती दिले तर दुरुपयोग होईल. पहिला आक्षेप मला मुळीच मान्य नाही. थर्मामीटरचा आकडा काय सांगतो हे आपल्या आयाबायांना शिकवावे लागले नाही असे नाही. पण शिकवल्यावर त्या शिकल्या, आणि ताप किती आहे हे डॉक्टरला फोनवर सांगू लागल्या. दुसरा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. मोबाईलच्या मॉडेममध्ये असेही हुकूम असतात की जे चुकीच्या हाती पडल्यास फोन लावले जातील, संदेश पाठवले जातील, पैसे खर्ची पडतील. ते मोकळे सोडावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु विचारणे आणि बदलणे यांत भेद करता येतो, आणि तो या भाषेत मुळातच आहे: बऱ्याच हुकुमांच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावले की ते केवळ सद्यःस्थिती सांगतात, काही बदलत नाहीत. बदलाच्या हुकुमांना कुलूप खुशाल असावे. सद्यःस्थितीच्या जबाबाला कुलूप लावण्यास मात्र कोणतेही सबळ कारण मला दिसत नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. पहिली शिक्षणाची. रिज रोडवरील संस्थेत आणि येथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दूरसंचार शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा तरी आपल्या हाताने मॉडेमला हुकूम टंकून द्यावा आणि त्याचा जबाब वाचावा. याला खर्च जवळजवळ नाही. अडगळीत पडलेले दोन जुने मॉडेम, कचेरीत वापरतात तसले एक लहान एक्सचेंज आणि दोन संगणक एवढ्यावर एका टेबलाच्या दोन टोकांमध्ये जोडणी होते. व्ही-२५० चे मानक आंतरराष्ट्रीय संघाच्या दप्तरातून विनामूल्य मिळते. आणि जुने मॉडेम न मिळाल्यास मोबाईलच्या जाळ्याची चकती बाजारात थोड्या पैशांत मिळते. '+++'च्या दोहो बाजूंचे मौन एकदा पाळून आणि एकदा मोडून पाहिलेला विद्यार्थी, पुढे स्वतः एखादे यंत्र रचताना हुकूम आणि मजकूर यांची गल्लत होऊ देणार नाही.

दुसरी गोष्ट सरकारी खरेदीची. पूर्व मध्य प्रदेशाला वीज पुरवणाऱ्या वितरण कंपनीचे मुख्य दप्तर आपल्याच शहरात, शक्तिभवनात आहे. मीटर असोत, पाणीपुरवठ्याची नियंत्रणे असोत, की शाळा-ग्रामपंचायतींत बसणाऱ्या इंटरनेटच्या पेट्या असोत, सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक दळणवळणाच्या यंत्राच्या निविदेत तीन अटी घालता येतील: यंत्राच्या जबाबांचे संपूर्ण कोष्टक छापून प्रसिद्ध केलेले असावे; सिग्नल, नोंदणी आणि शेवटच्या बिघाडाचे कारण ग्राहकाला यंत्रावरच, हिंदीत आणि प्रादेशिक भाषेत, वाचता यावे; आणि तक्रार नोंदवून घेताना तो जबाब पुरावा म्हणून स्वीकारला जावा. यांपैकी एकाही अटीसाठी नवा शोध लागायला नको, कारण लागणारी माहिती यंत्राच्या आत आधीच तयार असते.

वाचकांपैकी जे या संस्थांत शिकवतात, जे निविदांचे मसुदे लिहितात, किंवा जे नगरपालिकेच्या आणि वीज कंपनीच्या बैठकांत ग्राहकांच्या वतीने बसतात, त्यांना माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी एखादे यंत्र दाखवण्यासाठी विक्रेता समोर येईल तेव्हा त्याला त्याची गती आणि किंमत विचारण्यापूर्वी एवढे विचारावे: हे बंद पडले तर मला काय सांगेल? त्याला उत्तर देता आले नाही, तर ते यंत्र घेऊ नये.